रांगेतील क्रमांक आणि दाराचा उंबरठा

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंतांच्या सत्काराचा कार्यक्रम आत्ताच झाला. टाळ्या वाजल्या, फुले दिली गेली. ते योग्यच झाले. परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते ज्यांची नावे या यादीत अर्धवट आली, अशा मुलामुलींविषयी. अर्धवट म्हणजे कशी? सीईटीचा निकाल पाहिला तर त्यांचा सत्कार व्हावा, आणि बारावीचे गुणपत्रक पाहिले तर घरात कोणी बोलू नये. दरवर्षी निकालानंतर आमच्या मार्गदर्शन समितीकडे असे पालक येतात. एका हातात प्रवेश परीक्षेचा कागद, दुसऱ्या हातात मंडळाचे गुणपत्रक. प्रश्न एकच असतो : "साहेब, याला कॉलेज मिळेल का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. त्यात शेजारी असतात, नातेवाईक असतात, क्लासवाले असतात. त्यांच्या उत्तराने दोन प्रकारचे नुकसान होते. काही मुले "बारावीत कमी पडले, आता काय उपयोग" म्हणून अर्जच भरीत नाहीत आणि उघडे असलेले दार स्वतःच्या हाताने लावून घेतात. काही मुले उलट निर्धास्त राहतात. "आता बारावीला कोण विचारतो, सगळे सीईटीवर आहे," असे म्हणत ती फेब्रुवारीच्या लेखी परीक्षेकडे पाठ फिरवतात. पुढे कागदपत्रांच्या तपासणीत चार-पाच गुणांनी त्यांचा अर्ज बाद होतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. गुणांच्या या दोन कागदांचे काम वेगवेगळे आहे, हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

म्हणून आजच्या भाषणातले मुख्य सूत्र आधीच सांगतो. बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश परीक्षेचे गुण तुमचा रांगेतला क्रमांक ठरवतात. बारावीचे गुण त्या रांगेत उभे राहू द्यायचे की नाही, एवढेच ठरवतात. पहिल्याला म्हणतात गुणवत्ता, दुसऱ्याला म्हणतात पात्रता. पात्रतेचा उंबरठा एकदा ओलांडला, की तुम्ही तो एका गुणाने ओलांडला की शंभर गुणांनी, याला तेथे फारसे महत्त्व नसते. आणि उंबरठ्याच्या अलीकडे एका गुणाने अडकलात, तर प्रवेश परीक्षेतला क्रमांक कितीही वरचा असो, तो कामी येत नाही. हा उंबरठा प्रत्येक दाराला वेगळ्या उंचीचा आहे. तो मोजून घेणे, हेच आजचे काम.

हा गोंधळ का होतो, याचेही कारण आहे. आमच्या पिढीच्या वेळी म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत महाराष्ट्रात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या विषयांच्या गुणांवरच होत. पुढे राज्याची सीईटी आली. त्यानंतरही नियम स्थिर राहिले नाहीत. देशपातळीवर २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनचा क्रमांक काढताना बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, ते २०१७ पासून काढून टाकण्यात आले. आपल्या राज्यात २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीसाठी जेईई मेन आणि बारावी यांना निम्मे-निम्मे वजन होते. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. २०२१ मध्ये कोरोनामुळे मंडळाची बारावीची परीक्षाच झाली नाही, आणि दहावी, अकरावी व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के वजन देऊन निकाल लावला गेला. म्हणजे काका एका नियमाने शिकले, थोरला भाऊ दुसऱ्या नियमाने आणि मधली बहीण तिसऱ्या. प्रत्येकाचा अनुभव खरा आहे, पण तो त्याच्या वर्षापुरता. म्हणून आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका आपण स्वतः वाचलीच पाहिजे.

आता एकेक दार पाहू.

सर्वात जास्त मुले जातात त्या अभियांत्रिकीपासून सुरुवात करू. राज्याच्या प्रवेश फेऱ्यांसाठी भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र किंवा त्याऐवजी मान्य असलेला तिसरा विषय, या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण लागतात. मित्रहो, हे आकडे वहीत लिहून घ्या. तीन विषयांचे ३०० गुण धरले, तर ४५ टक्के म्हणजे १३५ आणि ४० टक्के म्हणजे १२०. आता लक्षात घ्या की मंडळाच्या परीक्षेत ३५ गुणांना विषय सुटतो. तिन्ही विषयांत काठावर म्हणजे ३५-३५ गुण मिळाले तर बेरीज होते १०५. मुलगा बारावी उत्तीर्ण आहे, गुणपत्रकावर तसे छापलेले आहे, घरी पेढे वाटले गेले आहेत. आणि अभियांत्रिकीला मात्र तो अपात्र आहे. उत्तीर्ण होणे आणि पात्र होणे यांतले हे १५ किंवा ३० गुणांचे अंतर दरवर्षी कितीतरी मुलांना जुलै महिन्यात कळते. ते त्यांना अकरावीतच कळले पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला तिन्ही विषयांत मिळून १५० गुण आहेत, म्हणजे फक्त ५० टक्के, आणि सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहे, त्याने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. तो उंबरठ्याच्या आत आहे. रांगेत त्याचा क्रमांक ९६ पर्सेंटाइलप्रमाणेच लागेल. बारावीत ८५ टक्के आणि सीईटीत ८० पर्सेंटाइल असलेल्या मुलाच्या तो कितीतरी पुढे असेल. त्याच्या आईवडिलांनी नातेवाइकांचे ऐकून त्याला नको त्या कॉलेजात पैसे भरून अडकवू नये. कॅप फेरीचा अर्ज भरावा, पसंतीक्रम नीट लावावेत. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, म्हणून खरोखर हवे असलेलेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहावे.

येथे पर्सेंटाइल या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण पालकांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९० गुण मिळाले असे नाही. त्या सत्रात परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९० मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाखो मुले परीक्षेला बसतात तेव्हा ९० पर्सेंटाइलच्या पुढेही हजारो मुले उरतात. तेव्हा "नव्वद पडले" म्हणून फक्त मुंबई-पुण्याच्या दोन-तीन नामांकित कॉलेजांची नावे लिहून थांबू नये. बारावीतले ५० टक्के म्हणजे काही वाईट नव्हे आणि सीईटीतले ५० पर्सेंटाइल म्हणजे काही पन्नास टक्के नव्हेत. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तू एकाच तागडीत घालू नयेत.

वैद्यकीयचे दार तशाच प्रकारचे आहे. एमबीबीएसचा क्रमांक फक्त नीटच्या गुणांवर लागतो. परंतु बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. म्हणजे ३०० पैकी १५० किंवा १२०. शिवाय इंग्रजी हा विषय उत्तीर्ण असावा लागतो. नीटच्या तयारीसाठी वर्षभर दारे लावून बसलेल्या मुलीला भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेची आठवण करून देणे हे घरच्यांचे काम आहे.

यापेक्षा उंच उंबरठा आहे तो केंद्रीय संस्थांचा. आयआयटी आणि एनआयटी, म्हणजे आपल्याकडे पवईची आयआयटी आणि नागपूरची व्हीएनआयटी, येथे जाण्यासाठी बारावीत ७५ टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ६५ टक्के लागतात. किंवा आपल्या मंडळाच्या यशस्वी विद्यार्थ्यांत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. कोरोनाच्या काळात २०२० ते २०२२ ही अट शिथिल होती, २०२३ पासून ती परत आली. यातली खरी मेख पुढेच आहे. हे टक्के फक्त विज्ञानाच्या तीन विषयांवर मोजत नाहीत. पाच विषय धरतात : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. ५०० पैकी ७५ टक्के म्हणजे ३७५ आणि ६५ टक्के म्हणजे ३२५. "इंग्रजी काय, मराठी काय, पास झाले म्हणजे झाले," असे म्हणणारा मुलगा जेईईत उत्तम क्रमांक आणूनही भाषेच्या गुणांवर अडू शकतो. पिलानीच्या बिट्स या संस्थेची, जिचे एक केंद्र गोव्यात आहे, तिची स्वतःची परीक्षा आहे. तेथे भौतिक, रसायन व गणितात मिळून ७५ टक्के आणि प्रत्येकात किमान ६० टक्के अशी दुहेरी अट आहे. येथे एका विषयातली कसर दुसऱ्या विषयाने पूर्णपणे भरून निघत नाही.

आता कमी उंबरठ्याची दारे पाहू. ही आपल्या वस्त्यांतल्या मुलांना फारशी माहीत नसतात, याचे आम्हाला वाईट वाटते. दिल्ली विद्यापीठात पूर्वी बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होत. २०२१ मध्ये तेथील काही कॉलेजांत काही विषयांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर थांबली होती. २०२२ पासून तेथे आणि इतर केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी ही सामायिक परीक्षा आली. आज दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि क्रमांक सीयूईटीवर लागतो. दोघांचे गुण सारखे झाले तर मात्र बारावीचे गुण पाहतात. लखनौचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ हेही केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तेथे निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव आहेत. पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीसाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विधी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत. तेथे बारावीत ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के पुरतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला तर टक्क्यांची अटच नाही. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी, नौदल-हवाईदलासाठी भौतिक, रसायन व गणितासह बारावी. पुढे लेखी परीक्षा, मुलाखत आणि शरीराची तपासणी. २०२१ च्या न्यायालयीन आदेशानंतर हे दार मुलींनाही उघडले आहे. ज्या मुलाची बुद्धी परीक्षेत चमकते आणि गुणपत्रक फिके आहे, त्याने ही दारे आधी ठोठवावीत.

आता एका गोष्टीकडे सभासदांचे विशेष लक्ष वेधतो. आपल्या मुलांसाठी ४० टक्क्यांचा जो उंबरठा आहे, तो कागदावर उभा आहे. जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर विद्यार्थ्याचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या मुलाला तीन विषयांत ३०० पैकी १२६ म्हणजे ४२ टक्के आहेत, तो राखीव प्रवर्गात पात्र आहे आणि खुल्या प्रवर्गात अपात्र आहे. वैधता नसेल तर त्याची फक्त राखीव जागाच जात नाही, त्याचा अर्जच बाद होतो, मग सीईटीत ९५ पर्सेंटाइल का असेना. ज्याचे बारावीचे गुण कमी, त्याला हा कागद सर्वात जास्त गरजेचा आणि नेमका त्याच्याच घरी तो सर्वात उशिरा निघतो. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला गावाकडे जावे लागते, तलाठ्याकडे आणि शाळेकडे चकरा होतात. हे काम निकालाच्या आठवड्यात होत नाही. तसेच १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांना केंद्रातही सवलती लागू झाल्या. परंतु जेईई आणि नीटच्या केंद्रीय जागांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातले प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. राज्याचे प्रमाणपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

आणखी एक ठिकाण असे आहे, जिथे प्रवेश परीक्षेचे गुण कोणी विचारत नाही. ते म्हणजे वसतिगृह. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहातला प्रवेश मागील परीक्षेच्या गुणांनुसार होतो. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यात मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अट आहे. याचा परिणाम पाहा. ४६ टक्क्यांच्या मुलाला सीईटीच्या जोरावर पुण्याला चांगले कॉलेज मिळते, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फीचा प्रश्नही बराचसा सुटतो, पण राहण्या-जेवण्याचा खर्च त्याच्या वडिलांच्या अंगावर येतो. वडील रोजंदारीवर असतील तर दिवाळीपर्यंत मुलगा गावी परत. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, बारावीचे गुण रांगेत उपयोगी पडत नसले तरी डोक्यावरच्या छपरासाठी उपयोगी पडतात. गरिबाच्या मुलाला हा हिशेब श्रीमंताच्या मुलापेक्षा अगोदर करावा लागतो.

मग प्रश्न येतो, हुशार मुलाला बारावीत कमी गुण पडतातच कसे? आमच्याकडे येणाऱ्या मुलांशी बोलून आम्हाला तीन-चार कारणे वारंवार दिसली. पहिले, दोन परीक्षांची जात वेगळी आहे. सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि भौतिक-रसायनाचा प्रश्न एका गुणाचा तर गणिताचा दोन गुणांचा असतो. मंडळाच्या परीक्षेत सूत्राची सिद्धता, आकृती, व्याख्या आणि पायऱ्या लिहाव्या लागतात. उत्तर मनात येणे वेगळे आणि ते कागदावर उतरवणे वेगळे. दुसरे कारण भाषेचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी. खूण करायला इंग्रजी वाचता आले तरी पुरते, उत्तर लिहायला ते लिहिता यावे लागते. तिसरे कारण क्लासचे. कॉलेजात नाव, हजेरी नावापुरती आणि सगळा दिवस क्लासमध्ये. त्यामुळे प्रयोगशाळा चुकते, जर्नल अपुरे राहते. भौतिक आणि रसायन या विषयांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, गणितातही २० गुण लेखी परीक्षेच्या बाहेरचे आहेत. तिन्ही मिळून ८० गुण झाले. १२० चा उंबरठा असलेल्या मुलाने हे ८० गुण गंभीरपणे घेतले, तर लेखी परीक्षेचे अर्धे ओझे उतरते. चौथे कारण घरचे असते. कोणाची आई आजारी, कोणी पहाटे पेपर टाकतो, कोणी संध्याकाळी दुकानात उभा राहतो. त्या मुलांना आळशी म्हणू नका. त्यांना बसायला एक टेबल आणि दिवा द्या.

निकाल लागून गेला आहे आणि गुण उंबरठ्याच्या आत-बाहेर आहेत, अशा विद्यार्थ्यांनी काय करावे? चार मार्ग सांगतो. एक, दोन-चार गुणांनी अडकला असाल तर ठराविक मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयशिक्षकाला दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत थोडी असते, रडण्यात ती घालवू नका. दोन, मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही पुन्हा बसून गुण सुधारता येतात. मात्र पुरवणी परीक्षेचा निकाल येईपर्यंत प्रवेश फेऱ्या पुढे गेलेल्या असू शकतात, म्हणून त्याच वर्षी सगळे जमेल असे गृहीत धरू नका. तीन, एक वर्ष थांबायचे असेल तर कशासाठी थांबतो, हे कागदावर लिहून काढा. क्रमांक सुधारण्यासाठी थांबत असाल तर प्रवेश परीक्षा, पात्रतेसाठी थांबत असाल तर बारावी. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच संधी मिळतात, हेही ध्यानात ठेवा. ज्याची सीईटी उत्तम आणि फक्त पात्रता राहिली आहे, त्याने पुन्हा क्लासचे हजारो रुपये भरण्याऐवजी लेखी उत्तरे लिहिण्याचा सराव करावा. चार, तंत्रनिकेतनाचा मार्ग. पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तेथे सीईटी लागत नाही, पदविकेच्या गुणांवर प्रवेश होतो. हा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नाही. यंत्राला हात लावून शिकलेला मुलगा पुढे पुष्कळदा अधिक टिकतो.

प्रवेश मिळाला म्हणजे जिंकलो, असे समजणाऱ्यांनाही एक सूचना करावीशी वाटते. कमी गुणांमागचे कारण प्रवेशाच्या दाराबाहेर राहत नाही, ते तुमच्याबरोबर वर्गात येते. विद्यापीठाच्या परीक्षेतही उत्तरे लिहावी लागतात, जर्नले पुरी करावी लागतात, हजेरी लागते. लिहिण्याची सवय नसलेला मुलगा पहिल्याच सत्रात दोन-तीन विषयांत एटीकेटी घेऊन बसतो. त्याची बुद्धी एका रात्रीत गेलेली नसते, त्याची जुनी उणीव फक्त पुन्हा समोर आलेली असते. तेव्हा प्रवेश आणि वर्ग यांच्या मधल्या महिना-दोन महिन्यांत रोज दोन पाने इंग्रजीत लिहा, गणिताच्या सर्व पायऱ्या मांडायची सवय लावा. या दोन महिन्यांची किंमत पुढे कळते.

मित्रहो, बाबासाहेबांचा दाखला दिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. आपण त्यांच्या पदव्यांची यादी अभिमानाने म्हणतो. पण १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. आजच्या अभियांत्रिकीच्या राखीव उंबरठ्याइतकीही ती नाही. त्यानंतर १९१२ मध्ये ते बी.ए. झाले, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. आणि १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवली. हा दाखला आम्ही गुण कमी पडले तरी चालते, असे सांगण्यासाठी देत नाही. त्या गुणांमागे परळच्या चाळीतली एक खोली होती, वर्गात सोसावा लागलेला अपमान होता. त्या आकड्याने माणसाचे मोल ठरले नाही, कारण त्या आकड्यानंतरची वर्षे त्यांनी ग्रंथालयात काढली. आपले गुणपत्रक हे एका वर्षाचे गुणपत्रक आहे. त्याच्याविषयी लाजही नको आणि बेफिकिरीही नको. त्यातला आकडा कोणत्या दाराला पुरतो, ते पाहावे आणि चालू लागावे.

शेवटी संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे. सत्काराचे कार्यक्रम जूनमध्ये होतात, परंतु मुलांना मदत लागते ती जानेवारीत. आपल्यातले निवृत्त शिक्षक आठवड्यातून एक दिवस मुलांच्या लेखी उत्तरपत्रिका तपासू शकतील. कचेरीत काम करणारे सभासद वैधतेच्या अर्जांचे कागद नीट लावून देऊ शकतील. महाविद्यालयात शिकणारी मुले आपल्या धाकट्या भावंडांना पसंतीक्रम भरून दाखवू शकतील. विहाराच्या फलकावर वर्षभर एक तक्ता लावता येईल : कोणत्या अभ्यासक्रमाला बारावीत किती, कोणती परीक्षा, कोणते कागद, कोणती मुदत. त्याला खर्च फक्त एका पुठ्ठ्याचा आहे. दरवर्षी माहितीपुस्तिका पाहून तो तक्ता कोणीतरी दुरुस्त करावा, एवढेच.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आपली दोन्ही गुणपत्रके समोर ठेवा आणि तीन विषयांची बेरीज स्वतः करा. १२० च्या वर असाल तर अर्ज भरायला घाबरू नका. खाली असाल तर आम्हाला येऊन भेटा, मार्ग काढू. आणि अजून बारावी व्हायची असेल, तर उद्या कॉलेजात जाऊन आपले जर्नल कुठपर्यंत आले आहे, ते पाहा.



नमो बुद्धाय, जय भीम.